घर मागे, चढ पुढे

१९४७ सालचं एक छायाचित्र आहे. सायकलच्या हँडलवर झुकलेला एक काटक माणूस, आणि त्या सायकलीच्या मागे जोडलेलं अ‍ॅल्युमिनियमचं चकाकतं घर. चाकं असलेलं, खिडक्या असलेलं, आत झोपायची आणि रांधायची सोय असलेलं. सायकलवाला आल्फ्रेड लेतुर्नर, मूळचा फ्रेंच, पेशाने शर्यतपटू. घर ‘एअरस्ट्रीम’ या अमेरिकन कंपनीचं. छायाचित्र जाहिरातीसाठी काढलं होतं हे उघडच आहे, आणि पुढे कंपनीने तो सायकलस्वार आपल्या बोधचिन्हातही घेतला. पण त्यात लबाडी काही नव्हती. हवा भरलेल्या टायरवर उभं असलेलं ओझं सपाट रस्त्यावरून हलवायला त्याच्या वजनाच्या साधारण एक ते दीड टक्काच जोर लागतो. म्हणजे टनभर वजनाला दहा-पंधरा किलोंचा. वेग चालण्याइतका ठेवला तर तेवढा जोर मांड्यांमधून सहज निघतो.

याच लेतुर्नरने सहा वर्षं आधी, १७ मे १९४१ रोजी, कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळ दुसरा एक पराक्रम केला होता. पुढे एक मोटारगाडी, तिच्या मागच्या अंगाला भलामोठा आडोसा बांधलेला, आणि त्या आडोशाला जवळजवळ चिकटून सायकलवर हा गडी. वेग नोंदला गेला ताशी १०८.९२ मैल, म्हणजे १७५ किलोमीटर. माणसाचे तेच पाय, तीच ताकद. फरक एवढाच की समोरची हवा दुसरं कुणीतरी फाडत होतं.

हे दोन्ही पराक्रम शेजारी ठेवले की आजच्या अमेरिकेतल्या एका नेहमीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर हाती येतं. प्रश्न असा: पिकअप ट्रक घ्यायचाय, मागे ट्रॅव्हल ट्रेलर जोडून कुटुंबासह भटकायचंय, पण बजेट बेताचं आहे. यादीत सगळ्यात खाली असलेलं, सगळ्यात स्वस्त, ज्याला तिकडे ‘बेस इंजिन’ म्हणतात, ते हे घर ओढेल का? विकणारा भुवया उंचावतो, शेजारी मान हलवतो, मेहुणा म्हणतो आठ सिलिंडरचं व्ही-एट घे. जो तो इंजिनाबद्दलच बोलतो. आणि गंमत अशी की या सगळ्या प्रकरणात इंजिन ही बहुधा सगळ्यात कमी काळजीची गोष्ट असते.

एक खरी जोडी समोर ठेवू. ट्रक फोर्ड एफ-१५०, २०२१ ते २०२३ मधला, बेस इंजिनचा: ३.३ लिटरचं व्ही-सिक्स, टर्बो वगैरे काही नाही, २९० अश्वशक्ती. मागे अडीच टनांचा ट्रेलर, अमेरिकेत अगदी सर्रास दिसणारा, चौघांचं कुटुंब झोपेल असा. माणसं आणि सामान धरून एकूण वजन पाच टन. २९० अश्वशक्ती म्हणजे किती, याचा अंदाज यावा म्हणून सांगतो: १९९० च्या सुमारास फोर्डच्या जड पिकअपमध्ये जे साडेसात लिटरचं अजस्र व्ही-एट बसायचं, आणि ज्याच्या जिवावर त्या काळी लोक खंड ओलांडायचे, त्याची अश्वशक्ती २३० होती. आजचं ‘गरीब’ इंजिन कालच्या राक्षसापेक्षा जास्त काम करतं. टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर मात्र त्या राक्षसाकडेच जास्त होता. त्या फरकाकडे लवकरच येतो.

आधी सपाट रस्ता. एकटा ट्रक ताशी शंभर किलोमीटरने जाताना त्याला तीस-एक अश्वशक्ती पुरते. होय, तीस. उरलेली दोनशे साठ नुसती शोभेला. आता ट्रेलर जोडा. तो सुमारे अडीच मीटर रुंद आणि तीन मीटरांहून उंच असतो, ट्रकच्या टपावरून वर डोकावणारा, सपाट तोंडाचा, कडा चौकोनी. त्याच वेगाला आता नव्वदच्या घरात अश्वशक्ती लागते. वाढलेल्या साठांपैकी वजनाच्या वाट्याला दहा-बारा जातात. बाकी सगळी हवा खाते.

म्हणून ट्रेलर किती जड, यापेक्षा तो किती उंच आणि किती बोथट, हे हमरस्त्यावर जास्त बोलतं. तेवढ्याच वजनाची लोखंडी सळ्यांची उघडी गाडी मागे लावली तर ट्रकला ती जेमतेम जाणवेल. आणि हवेचा स्वभाव असा की वेग दुप्पट केला तर तिचा विरोध चौपट होतो, आणि तो विरोध मोडायला लागणारी शक्ती आठपट. ताशी पन्नास मैलांवरून पासष्टवर गेलात तर वेग वाढतो तीस टक्के, पण हवेपायी जाणारी शक्ती दुपटीहून जास्त. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्यांना ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे. ती सुरक्षिततेसाठी असली तरी पेट्रोलच्या खिशावरही तिचे मोठे उपकार आहेत.

इथे एक बारीक, पण मला फार आवडणारी गोष्ट. काम तिप्पट झालं, तर पेट्रोल तिप्पट जायला हवं ना? जातं साधारण दुप्पट. कारण पेट्रोल इंजिन हलक्या कामावर असताना अतिशय अकार्यक्षम असतं. थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि बिचाऱ्या पिस्टनना त्या फटीतून हवा ओढून घ्यावी लागते, त्यातच पुष्कळ श्रम वाया जातात. भार आला, झडप उघडली, की इंजिन मोकळा श्वास घेतं आणि प्रत्येक थेंबातून जास्त काम काढतं. रिकामा ट्रक चालवणारा माणूस आपलं इंजिन कधी धड वापरतच नसतो, असं म्हटलं तरी चालेल.

सपाटीवर प्रश्न मिटला. मग येतो चढ, आणि चढावर लेतुर्नरची पहिली युक्ती कोसळते, कारण तिथे वजन पहिल्यांदा आपली खरी किंमत मागतं.

कोलोराडोतला आय-७० हा महामार्ग रॉकी पर्वत ओलांडतो तो आयझेनहॉवर बोगद्यातून. बोगद्याचं पश्चिमेचं तोंड समुद्रसपाटीपासून ३४०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून वर. सिल्व्हरथॉर्न गावातून बोगद्यापर्यंत तेरा-एक किलोमीटर रस्ता चढत जातो, आणि सगळ्यात कठीण टप्प्यांवर चढ ७ टक्के आहे: शंभर मीटर पुढे, सात मीटर वर. हमरस्त्यासाठी हा चढ खडा आहे. आपली पाच टनांची जोडी तिथे ताशी ८० किलोमीटरने चढवायची तर नुसतं वजन वर उचलायलाच शंभर अश्वशक्ती लागते. हवा आणि टायर मिळून आणखी पंचेचाळीस. गिअर आणि अ‍ॅक्सलमध्ये जे झिजतं ते धरलं तर इंजिनाकडून सुमारे १७० हवी.

आपल्याकडे २९० आहेत, मग चिंता कसली? चिंता अशी की ते २९० समुद्रसपाटीचे. बोगद्याच्या तोंडाशी हवेची घनता समुद्रकाठच्या ७१ टक्केच असते. इंजिन पेट्रोलवर चालतं असं आपण म्हणतो, पण वजनाने पाहिलं तर ते मुख्यतः हवेवर चालतं. एक भाग पेट्रोल जाळायला चौदा-पंधरा भाग हवा लागते. हवा विरळ झाली की सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कमी, म्हणून पेट्रोलही कमी, म्हणून शक्तीही कमी. बोगद्यापाशी आपले २९० घोडे उरतात दोनशेच्या जरा पुढे. हवे आहेत १७०. पुरतात!

पण कुठे पुरतात ते बघण्यासारखं आहे. हे इंजिन आपली सगळी शक्ती मिनिटाला ६५०० फेऱ्यांना देतं. त्याच्या निम्म्या फेऱ्यांना निम्म्याच्या आसपासच. शक्ती म्हणजे पिळण्याचा जोर गुणिले फेरे. छोट्या इंजिनाकडे जोर बेताचा, म्हणून हिशेब त्याने फेऱ्यांनी भरून काढायचा. आपल्या चढावर, नेहमीचा ३.५५ गुणोत्तराचा अ‍ॅक्सल धरला, तर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ८० ला इंजिन ४१०० फेऱ्यांच्या आसपास असतं आणि देऊ शकतं दीडशेच्या आतच. अपुरं. मग गिअरबॉक्स दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो, फेरे ५७०० च्या पुढे जातात, आणि अचानक दोनशे अश्वशक्ती हजर! दहा गिअरच्या गाडीत, हमरस्त्याच्या वेगाला, दुसरा गिअर. आत बसलेल्यांना वाटतं इंजिन आता फुटणार. मागच्या सीटवर गप्पा थांबतात. चालवणाऱ्याचा पाय आपोआप सैल होतो, आणि तिथेच चुकतं, कारण वेग गेला की तो परत मिळवायला आणखी शक्ती लागते.

आपला कान इथे फसतो. वरच्या पट्टीतला आवाज म्हणजे वेदना, असं आपण आयुष्यभर शिकलेलो. इंजिनाला मात्र ५७०० फेरे नेमून दिलेल्या हद्दीतलेच आहेत; त्या जातीचे नमुने कारखान्यात पूर्ण भारावर तासन्‌तास चालवूनच ते बाजारात येतं. त्याला खरा त्रास होतो तो कमी फेऱ्यांवर, मोठ्या गिअरमध्ये, धडधडत, दम कोंडून चढायला लावल्यावर. या जोडीला सगळ्यात मोठी मदत होते ती त्या दहा गिअरच्या पेटीची. फोर्ड आणि जनरल मोटर्स या एकमेकांच्या हाडवैरी कंपन्यांनी ती मिळून तयार केली आणि एफ-१५० मध्ये ती २०१७ च्या मॉडेलपासून आली. दोन शेजारच्या गिअरमधलं अंतर इतकं कमी की इंजिन आपल्या आवडत्या फेऱ्यांच्या जवळपासच राहतं. इंजिन तेच ठेवून मागच्या अ‍ॅक्सलचे दाते बदलले, तरी कंपनीचा ‘किती ओढेल’ हा आकडा शेकडो किलोंनी बदलतो. म्हणजे व्ही-एटवर पैसे घालण्याआधी त्या थोड्याशा दात्यांची चौकशी करावी.

टर्बोची गोष्ट वेगळीच. शेवरले सिल्वराडो १५०० चं बेस इंजिन चारच सिलिंडरचं आहे, २.७ लिटरचं. ऐकून जुनेजाणते हसतात. पण त्याचा टॉर्क ४३० पौंड-फूट, आणि त्याच ट्रकमध्ये जास्त पैसे देऊन मिळणाऱ्या ५.३ लिटरच्या व्ही-एटचा ३८३. टर्बो म्हणजे बाहेर फुकट जाणाऱ्या गरम धुरावर फिरणारं एक चिमुकलं चक्र, मिनिटाला लाखावर फेरे घेणारं, आणि त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबणारं दुसरं चक्र. डोंगरावर हवा विरळ झाली की ते जरा जास्त जोरात फिरतं, आणि इंजिनाला आपण किती उंचीवर आहोत याचा पत्ताच फारसा लागत नाही. फोर्डनेही २०२४ पासून ते साधं ३.३ लिटरचं इंजिन बंद करून ३२५ अश्वशक्तीचं २.७ लिटरचं टर्बो हेच बेस केलं. आता ‘बेस’ या शब्दाला घाबरण्यात अर्थ उरलेला नाही.

बरं, ‘किती ओढेल’ हा आकडा ठरवतं कोण? एके काळी कंपन्या स्वतःच, आपापल्या पद्धतीने, आणि शेजारच्याने किती लिहिलंय ते बघून. हा आकड्यांचा लिलाव थांबावा म्हणून वाहन अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेने २००८ मध्ये जे-२८०७ नावाची कसोटी आखली. ती पहिल्यांदा मानली टोयोटाने, २०११ च्या मॉडेलना. अमेरिकेतल्या तीन मोठ्या कंपन्यांना यायला २०१५ उजाडलं. या कसोटीतला सगळ्यात रंगतदार भाग घडतो अ‍ॅरिझोनात, कोलोराडो नदीवरच्या डेव्हिस धरणापासून वाळवंटात चढत जाणाऱ्या रस्त्यावर. ११.४ मैल सलग चढ, वर सुमारे नऊशे मीटर. बाहेर किमान १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस, असलेच पाहिजेत. एसी पूर्ण जोरात चालू. पूर्ण वजनाचा ट्रेलर मागे. आणि वेग ताशी ४० मैलांखाली जाता कामा नये. इंजिन तापलं, दिवा लागला, काही वितळलं, तर नापास. याशिवाय १२ टक्के चढावर थांबून पाच मिनिटांत पाच वेळा पुन्हा सुटायचं, पुढेही आणि उलटही. यात उत्तीर्ण होऊन आपल्या साध्या व्ही-सिक्सला, योग्य अ‍ॅक्सल आणि टोइंगचं सामान असेल तर, साडेतीन टनांहून जास्त ओढण्याची परवानगी मिळते. आपला ट्रेलर अडीच टनांचा. इंजिनाचा खटला इथे संपला असं धरायला हरकत नाही.

आता ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर एक छोटं लेबल असतं, टायरच्या दाबाचं, आणि त्यावर एक ओळ: माणसं आणि सामान मिळून वजन अमुकच्या वर जाऊ देऊ नका. प्रत्येक ट्रकचा हा आकडा वेगळा, कारण तो त्या गाडीच्या प्रत्यक्ष बांधणीवरून छापतात. समजा ७०० किलो लिहिलंय. चौघांचं कुटुंब २८०. मागच्या हौद्यात सायकली, लाकडं, बर्फाची पेटी मिळून ८०. ट्रेलर जोडायच्या सांध्याचं, म्हणजे ‘हिच’चं, लोखंड ४५. आणि ट्रेलरची जी दांडी ट्रकच्या गोळ्यावर टेकते, तिचं खाली दाबणारं वजन, ज्याला ‘टंग वेट’ म्हणतात, ते ट्रेलरच्या १० ते १५ टक्के. १३ धरले तर अडीच टनांचे ३२५. बेरीज ७३०. गाडी भरली, वर तीस किलो सांडली, आणि ओढण्याच्या मर्यादेला अजून टनभर जागा होती! जाहिरातीत झळकणारा आकडा कधी कामालाच येत नाही, कारण दाराच्या चौकटीवरचा त्याच्या फार आधी संपतो.

आणि इथे बेस इंजिनवाला हळूच पुढे निघतो. हलकं इंजिन, साधी सीट, काचेचं छत नाही, विजेवर बाहेर येणाऱ्या पायऱ्या नाहीत. जे वजन गाडीत बसवलंच नाही, ते भरायला शिल्लक राहतं. चामड्याच्या सीटचा महागडा ट्रक कागदावर बलदंड असतो आणि लेबलावर बरेचदा याच्यापेक्षा दुबळा निघतो. विकणाऱ्याच्या तोंडून हे सहसा ऐकायला मिळत नाही. ट्रेलरच्या पत्रकातलं वजनही असंच सोवळ्यातलं असतं: बॅटरी, गॅसच्या टाक्या, पाणी, भांडी, अंथरुणं सगळं वगळून. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो, त्यात काही सूट मिळत नाही.

मग दांडीवरचं वजन कमीच का ठेवू नये? लेबलावरची बेरीज तरी आटोक्यात येईल. इथे बैलगाडी भरणारा कुणीही शेतकरी जोरात नाही म्हणेल. माल मागे जास्त भरला की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. म्हणून जुवावर थोडं दडपण येईल असाच तो माल रचतो. ट्रेलरचं गणित तेच आहे, फक्त ताशी शंभर किलोमीटरला त्याचे परिणाम भयंकर होतात. वजन ट्रेलरच्या चाकांच्या मागे गेलं की तो शेपटीसारखा डुलायला लागतो. शेजारून मोठा मालट्रक गेला, त्याच्या तोंडापुढच्या हवेने आधी बाहेर ढकललं, मग बाजूच्या पोकळीने आत ओढलं. एवढं निमित्त पुरतं. एका विशिष्ट वेगाखाली हे डुलणं आपोआप विरतं. त्या वेगाच्या वर मात्र प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो, कारण टायर बाजूला घसरून जो विरोध उभा करतात तो वेग वाढेल तसा लंगडा पडतो आणि ट्रेलरचं जडत्व त्याच्या पुढे निघून जातं. तो वेग कुठला, हे वजन कुठे ठेवलंय त्यावर ठरतं. पाण्याची टाकी भरली, सायकली मागच्या बंपरला टांगल्या, आणि काल स्थिर असलेली गाडी आज ताशी ९५ ला नाचायला लागते. इंजिन किती सिलिंडरचं, हे तिथे कुणी विचारत नाही.

ट्रकच्या मागच्या टोकावर सव्वातीनशे किलो लटकले की ट्रक मागे बसतो, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगला पकड उरत नाही. त्यावर उपाय म्हणून जी हिच वापरतात ती माझ्या मते या सगळ्या पसाऱ्यातली सगळ्यात सुंदर वस्तू आहे. हिचच्या डोक्यातून दोन पोलादी पट्ट्या मागे ट्रेलरच्या सांगाड्याकडे जातात, आणि साखळीने त्यांची टोकं ताणून वर ओढून अडकवतात. बस एवढंच. पण त्या ताणामुळे ट्रक आणि ट्रेलर यांच्यामधला सांधा ताठ होऊ पाहतो, आणि मागच्या चाकांवर साठलेलं वजन थोडं पुढच्या चाकांकडे, थोडं ट्रेलरच्या चाकांकडे सरकतं. मोटर नाही, पंप नाही, वायर नाही. आर्किमिडीजला दाखवली असती तर त्याने दोन मिनिटांत समजून घेतली असती.

ट्रेलरच्या ब्रेकची कल्पनाही अशीच. ट्रेलरचं वजन ट्रकने एकट्याने थांबवायचं नसतं. अमेरिकेत अनेक राज्यांत ३००० पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. ट्रेलरच्या चाकाच्या ड्रममध्ये एक चपटं विद्युतचुंबक बसवलेलं असतं. तुम्ही ब्रेक दाबला की ट्रकमधून तीन-एक अँपिअर वीज तिथे जाते. एवढ्याशा विजेने अडीच टन थांबतील कसे? थांबवत नाहीच ती. चुंबक फक्त फिरत्या ड्रमच्या तोंडाला चिकटतं, ड्रम त्याला आपल्याबरोबर फरफटत नेऊ पाहतो, त्या ओढीने एक दांडा फिरतो आणि दांडा ब्रेकचे जोडे ड्रमवर दाबतो. म्हणजे चाकाला थांबवायला लागणारा जोर चाक स्वतःच पुरवतं. विजेने फक्त इशारा करायचा. ट्रकच्या डॅशबोर्डवर या ब्रेकची वेगळी कळ असते, आणि ट्रेलर डुलायला लागला तर तीच वाचवते: पायाचा ब्रेक न मारता, स्टिअरिंग सरळ धरून, हाताने फक्त ट्रेलरचा ब्रेक लावायचा. मागून ओढ बसली की दोर ताणावा तशी सगळी जोडी सरळ होते. आणि हिच तुटून ट्रेलर सुटलाच, तर एका बारीक तारेने बांधलेली खिट्टी उपसली जाते आणि ट्रेलरची स्वतःची बॅटरी त्याचे ब्रेक घट्ट लावते.

आता बोगद्यापाशी परत जाऊ, पण तोंड सिल्व्हरथॉर्नकडे करून. वजन वर उचलायला जेवढी ऊर्जा घातली ती सगळी पाच टनांमध्ये साठून बसलीय, आणि खाली पोचेपर्यंत ती कुठेतरी खर्च व्हायलाच हवी. सुमारे पावणेसातशे मीटरचा उतार. हिशेब केला तर एवढ्या ऊर्जेत शंभर लिटर थंड पाणी उकळेल, आणि हे व्हायचं आहे दहा मिनिटांच्या आत. ती सगळी ब्रेकच्या चकत्यांमध्ये ओतली तर त्या लाल होतील, ब्रेकच्या तेलात वाफ धरेल, पायाखालचं पेडल मऊ होत होत तळाला जाईल. या उतारावर कडेला वाळू-खडीच्या चढत्या वाटा बांधून ठेवल्या आहेत त्या अशाच ब्रेक गेलेल्या मालट्रकांसाठी, आणि त्या वापरल्याही जातात.

सुदैवाने समोरच्या हवेची भिंत, जी वर येताना पैसे खात होती, ती उतारावर आपल्या बाजूने उभी राहते. ताशी ८० ला हवा आणि टायर मिळून सात टक्के उतारावरची दोन पंचमांश ऊर्जा गिळतात. चौकोनी तोंडाचा कुरूप ट्रेलर इथे गोंडस एअरस्ट्रीमपेक्षा कामाचा. उरलेल्यासाठी गिअर. ट्रकमध्ये ‘टो-हॉल’ नावाचं बटण असतं. ते दाबलेलं असलं की उतारावर ब्रेकला पाय लागताच गिअरबॉक्स स्वतःच खालच्या गिअरमध्ये जातो आणि चाकंच इंजिनाला फिरवायला लागतात. या कामात सिलिंडरचा आकार मोजला जातो, टर्बोची हुशारी नाही. चढावर व्ही-एटला मागे टाकणारं २.७ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन उतार रोखायला व्ही-एटपेक्षा दुबळं पडतं, आणि आपलं साधं ३.३ लिटरचं त्या दोघांच्या मध्ये बसतं. कमी पडेल तिथे ब्रेक: ठामपणे, वेग ताशी दहा-बारा किलोमीटरने उतरेपर्यंत, आणि मग पूर्ण सोडायचा, चकत्यांना वारा लागू द्यायचा. पाय सतत टेकवून ठेवणारा माणूस खाली पोचतो तेव्हा चाकांमधून धूर येत असतो.

मिनिटाला साडेचार-पाच हजार फेरे, तोच वरच्या पट्टीतला आवाज, मागच्या सीटवर पुन्हा तीच शांतता. आणि या सबंध वेळात, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलेला असल्यामुळे, संगणकाने इंजेक्टर बंद ठेवलेले असतात. पाच टन रोखून धरणारं इंजिन नुसती हवा घुसळत असतं आणि पेट्रोलचा एक थेंबही जळत नसतो.